मामा म्हणजे नक्की कोण?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची तेव्हा सात महिन्यांची होती. आम्ही सगळे तिला छकुली म्हणतो. ताईच्या घरी गोधडीवर ती पालथी पडली होती. समोर लाकडी खुळखुळा, बाहेर धो धो पाऊस. खुळखुळ्याकडे टक लावून बघता बघता तिनं एकदम सुरू केलं, ‘‘मामामामामामा...’’

मी चहाचा कप खाली ठेवला आणि ओरडलोच, ‘‘ताई, ऐकलंस का? मला हाक मारली तिनं!’’

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. ‘‘तुला कशाला मारेल? आईला बोलावतेय ती. ममा म्हणतेय, ममा!’’

माझी आई, म्हणजे छकुलीची आजी, कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘अगं, भूक लागलीय लेकराला. मम्मं मागतंय ते. भात मऊ झाला का बघ आधी.’’

आवाज एकच, पण त्याचे अर्थ तीन. आणि तिघांनाही आपापल्या अर्थाची पक्की खात्री! छकुलीनं मात्र खुळखुळा तोंडात घातला आणि ती गप्प झाली.

दोस्तांनो, तुम्ही पंच असतात तर निकाल कुणाच्या बाजूनं दिला असतात? थांबा, घाई करू नका. आधी छकुलीचा हा ‘मामा’ सोबत घेऊन जगभर एक चक्कर मारून येऊ.

मामा निघाला जगाच्या सफरीला

पहिला मुक्काम पोलंड. तिथे ‘मामा’ म्हणजे आई. चीनमध्ये गेलो, तिथेही ‘मामा’ म्हणजे आई. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया आणि टांझानियामध्ये स्वाहिली भाषा बोलतात. तिथेही ‘मामा’ म्हणजे आईच. ताई खूश!

आता तुर्कस्तानात जाऊ. तिथे ‘मामा’ म्हणजे बाळाचं जेवण, बाळासाठी केलेली मऊ मऊ पेज किंवा लापशी. आणि जपानमध्ये अगदी लहान मुलांच्या जेवणाला म्हणतात ‘मान्मा’. आपल्या ‘मम्मं’चं जणू जुळं भावंडच! म्हणजे आजीचंही बरोबर.

मग माझं काय? माझ्या बाजूनं मराठी तर आहेच, शिवाय हिंदी आणि बंगालीही आहेत. या सगळ्या भाषांत मामा म्हणजे आईचा भाऊ. आणि मला आणखी एक साक्षीदार मिळाला तो थेट इंडोनेशियात. सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात मिनांगकाबाऊ नावाचे लोक राहतात. त्यांच्याकडे घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. बहिणीच्या मुलांकडे लक्ष देणं, त्यांना चार गोष्टी शिकवणं ही तिच्या भावाची जबाबदारी. त्या भावाला ते म्हणतात ‘मामाक’.

झाले की नाही तिघेही बरोबर? पण सफर अजून संपलेली नाही.

काळ्या समुद्राच्या काठावर जॉर्जिया नावाचा एक देश आहे. तिथे कॉकेशसचे बर्फाच्छादित डोंगर आहेत, तिबिलिसी ही राजधानी आहे. तिथलं एखादं मूल ‘‘मामा!’’ असं ओरडत फाटकाकडे पळत सुटलं, तर फाटकाशी कोण उभं असेल? त्याचे बाबा! जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. आणि आई म्हणजे ‘देदा’. तिथल्या मुलांचं अक्षरओळखीचं एक प्रसिद्ध पुस्तक आहे, त्याचं नाव ‘देदा एना’. याकोब गोगेबाश्विली नावाच्या शिक्षकांनी ते १८७६ साली काढलं. ‘देदा’ म्हणजे आई, ‘एना’ म्हणजे भाषा. आपण ‘मायबोली’ म्हणतो ना, अगदी तेच.

जॉर्जिया एकटा नाही बरं का. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू नावाचा प्रचंड मोठा लाल खडक आहे. त्या परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतही ‘मामा’ म्हणजे वडील!

म्हणजे त्या पावसाळ्यातल्या दुपारी छकुलीचे बाबा कामावर गेले होते म्हणून वाचलो. ते घरी असते आणि जॉर्जियन असते, तर भांडायला आणखी एक माणूस वाढला असता.

आपल्या दक्षिणेकडेही मामाची गंमत आहे. तमिळ, तेलुगू, कन्नड भाषांत मामा म्हणजे आईचा भाऊ आणि सासरेसुद्धा. हे कसं काय? तिकडे पूर्वी बऱ्याच घरांत मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करायची पद्धत होती. म्हणजे लग्नाआधीचे मामाच लग्नानंतर सासरे होत. महाराष्ट्रातही काही ठिकाणी ही पद्धत होती. म्हणून तर आपल्याकडे जुन्या काळी सुना सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणायच्या. तुमच्या पणजीला विचारा, तिला नक्की आठवेल.

दादा, काका आणि बाबासुद्धा!

तुम्हाला वाटेल, हा ‘मामा’च फार खोडकर दिसतोय. तर मग त्याच्या भावंडांना भेटा.

मुंबईतल्या गिरगावात जुनी चाळ आहे अशी कल्पना करा. एका खोलीत मराठी कुटुंब, शेजारच्या खोलीत गुजराती. गॅलरीतून कुणीतरी हाक मारली, ‘‘दादा!’’ मराठी घरातून क्रिकेटची बॅट घेतलेला मोठा भाऊ डोकावला आणि गुजराती घरातून चष्मा पुसत आजोबा बाहेर आले. कारण गुजरातीत ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील. हिंदीतही तसंच. बंगालीत मात्र ‘दादा’ आपल्यासारखाच मोठा भाऊ.

आता हीच हाक केनियात नैरोबीच्या बाजारात मारून बघा. तिथे ‘दादा’ म्हणजे बहीण! आणि भाऊ? भाऊ म्हणजे ‘काका’! स्वाहिलीत आई ‘मामा’, वडील ‘बाबा’, बहीण ‘दादा’ आणि भाऊ ‘काका’. चारही शब्द आपल्या ओळखीचे, पण आपल्या मराठी कानाला त्यातला एकटा ‘बाबा’ तेवढा जागेवर सापडतो.

‘बाबा’ तरी भरवशाचा आहे का? तुर्की, बंगाली, स्वाहिली आणि मराठी, चौघींमध्ये ‘बाबा’ म्हणजे वडील. पण रशियात गेलात तर ‘बाबा’ म्हणजे आजी. तिथल्या लोककथांत ‘बाबा यागा’ नावाची एक चेटकीण आहे. कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत ती राहते. नाव ऐकून आपल्याला कुणी दाढीवाले बाबा वाटतील, पण ती असते म्हातारी बाई! जपानीतही ‘बाबा’ म्हणजे म्हातारी बाईच. आणि रशियन मुलं आजोबांना म्हणतात ‘द्येदा’. म्हणजे बघा, कॉकेशसच्या डोंगरांच्या दक्षिणेला ‘देदा’ ही आई आणि डोंगर ओलांडून उत्तरेला गेलं की साधारण त्याच आवाजाचे होतात आजोबा.

‘पापा’ तर तुम्हाला माहीतच आहे. हिंदीत पापा म्हणजे वडील. मराठीत आजी म्हणते, ‘‘ये, एक पापा दे बघू,’’ तेव्हा तिला गालावर गोड पापा हवा असतो.

आणखी एक खरीखुरी गंमत सांगतो. कोकणातल्या गावांतून बेने इस्रायल समाजाची अनेक कुटुंबं इस्रायलला जाऊन राहिली. त्यांच्यातली बरीच वडीलधारी मंडळी आजही घरात छान मराठी बोलतात. आता मराठीत बऱ्याच घरांत आजोबांना ‘आबा’ म्हणतात आणि इस्रायलच्या हिब्रू भाषेत ‘आबा’ म्हणजे वडील. अशा एखाद्या घरात ‘‘आबा!’’ अशी हाक आली, तर कुणी ‘ओ’ द्यायची? आजोबांनी की बाबांनी?

आता करू या प्रयोग

इथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. अर्थ वेगवेगळे आहेत, ते ठीक. पण जगभर आवाज तेच तेच का? मामा, बाबा, पापा, दादा, नाना, ताता. एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांनी हेच आवाज का निवडले? ‘घर्षणा’ किंवा ‘क्षत्रिया’ असं का नाही कुणी आईला म्हणत?

याचं उत्तर तुमच्याच तोंडात आहे. उठा, आरसा घ्या.

पहिला प्रयोग. आरशात बघत हळूहळू म्हणा: मामा, बाबा, पापा. ओठांकडे नीट लक्ष द्या. मिटले, उघडले. मिटले, उघडले. तिन्ही वेळा अगदी एकसारखं! आता मित्राला समोर बसवा आणि आवाज न काढता यातला एक शब्द म्हणा. त्याला ओळखता येणार नाही. ज्यांना ऐकू येत नाही आणि जे समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतात, त्यांनाही हे तीन आवाज नुसत्या ओठांवरून वेगळे करता येत नाहीत.

मग फरक कुठे आहे? दुसरा प्रयोग करा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि म्हणा ‘मामा’. काय ऐकू आलं? ‘बाबा’! पुन्हा करून बघा. मामा म्हणायला जावं आणि बाबा हजर!

हे कसं झालं? जिभेचं टोक तोंडाच्या छतावरून मागे मागे न्या. आधी कडक टाळू लागते, मग मऊ टाळू. ही मऊ टाळू म्हणजे नाकाकडे जाणाऱ्या वाटेवरचं दार. ‘म’ म्हणताना हे दार उघडं असतं. ओठ मिटलेले, पण हवा नाकावाटे बाहेर पडते. म्हणून तर ‘म्म्म्म’ असं तुम्ही दम संपेपर्यंत लांबवू शकता. ‘ब’ म्हणताना मात्र दार बंद होतं. हवा ओठांमागे अडते आणि ओठ उघडले की बाहेर उसळते. तुम्ही नाक दाबलंत, म्हणजे बाहेरच्या बाजूनं ती वाट बंद केलीत. मग बिचारा ‘म’ काय करणार? ‘ब’ झाला. सर्दी झालेल्या माणसाचं बोलणं ‘बाझं डाक’ असं का ऐकू येतं, ते आता कळलं?

तिसरा प्रयोग. दोन बोटं गळ्यावर ठेवा. ‘बा’ म्हणायची तयारी करा. ओठ उघडायच्या आधीच गळ्यात बारीक घुंऽऽ जाणवेल. तिथे स्वरतंतू थरथरत असतात. आता ‘पा’ म्हणा. ओठ उघडेपर्यंत गळा शांत.

म्हणजे ओठांची हालचाल एकच. नाकाचं दार उघडं ठेवलं तर ‘मामा’, बंद केलं तर ‘बाबा’, आणि ओठ मिटलेले असताना गळाही शांत ठेवला तर ‘पापा’!

आता चौथा प्रयोग, आणि हा माझा सगळ्यात आवडता. पुन्हा नाक दाबा आणि म्हणा ‘नाना’. आला ना ‘दादा’?

मराठीची वर्णमाला डोळ्यांसमोर आणा. प फ ब भ म, ही ओठांची ओळ. म्हणून ही अक्षरं ओष्ठ्य. त थ द ध न, ही जिभेचं टोक दातांपाशी टेकवायची ओळ. म्हणून ही अक्षरं दंत्य. प्रत्येक ओळीतलं पाचवं अक्षर नाकातलं, म्हणजे अनुनासिक. नाक दाबलं की पाचव्या अक्षराचं होतं तिसरं! म चा ब, न चा द. ट ठ ड ढ ण या ओळीतही हीच जादू चालते. नाक दाबून ‘बाण’ म्हणून बघा.

आपल्याकडच्या प्राचीन अभ्यासकांनी अक्षरं उगाच कशीही मांडली नाहीत. कुठला आवाज तोंडात कुठे तयार होतो हे बारकाईनं तपासून त्यांनी ही रचना केली. पहिलीत आपण घोकतो तो वर्णमालेचा तक्ता म्हणजे माणसाच्या तोंडाचा नकाशा आहे.

गोधडीवरची शाळा

आता पुन्हा छकुलीकडे जाऊ.

तान्ह्या बाळाला बोलता येत नाही, पण एक काम ते पहिल्या दिवसापासून करतं. दूध पिणं. त्यामुळे ओठांचा व्यायाम भरपूर झालेला असतो. साधारण सहा-सात महिन्यांचं झालं, की बाळ आवाजाशी खेळायला लागतं. सगळ्यात सोपा खेळ कुठला? जबडा खाली, जबडा वर. तोंड उघडलं की ‘आ’. मिटलं की ‘म’ नाहीतर ‘ब’. हेच पुन्हा पुन्हा केलं की मामामामा, बाबाबाबा. जीभ थोडी वर टेकली तर दादादादा, नानानाना. तोंड पोलंडमधल्या बाळाचं असो की पालघरमधल्या, ओठ, जीभ, जबडा सगळ्यांचा सारखाच. म्हणून जगभर आवाजही सारखे. ‘क्षत्रिया’ म्हणायला जिभेला ज्या कसरती कराव्या लागतात, त्या जमायला पुढे कितीतरी महिने जावे लागतात.

या खेळाला आपण बडबड म्हणतो. ही बडबड नुसती तोंडानंच होते असं नाही बरं का! कॅनडात लॉरा ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट या दोन संशोधकांनी १९९१ साली एक सुंदर शोध जगापुढे मांडला. ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांचे आईबाबा हातांच्या खुणांच्या भाषेत बोलतात, अशी बाळं त्यांनी बघितली. ती बाळं हातांनी बडबड करत होती! तीच तीच खूण, पुन्हा पुन्हा, बोटांनी मामामामा केल्यासारखी.

बडबडीचे शब्द कसे होतात, यावर रोमान याकोब्सन नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी फार विचार केला. ते १८९६ साली मॉस्कोत जन्मले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जीव वाचवत देशोदेशी फिरत ते अमेरिकेला पोहोचले. त्याच अमेरिकेत जॉर्ज पीटर मर्डॉक नावाच्या अभ्यासकांनी जगभरच्या भाषांतून आई आणि वडील यांच्यासाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते. आईसाठी ५३१ आणि वडिलांसाठी ५४१. ते तपासल्यावर काय दिसलं? आईच्या दर १०० शब्दांपैकी ५५ शब्द म, न यांसारख्या नाकातल्या आवाजांवर उभे होते. वडिलांच्या १०० शब्दांपैकी फक्त १५.

असं का? याकोब्सन यांनी दूध पिणाऱ्या बाळाची आठवण करून दिली. दूध पिताना बाळाचे ओठ मिटलेले, तोंड भरलेलं. तेव्हा आवाज काढायला एकच वाट मोकळी असते, ती म्हणजे नाक. म्हणून बाळ पिता पिता हळूच ‘म्म्म’ करतं. पुढे दूध नुसतं दिसलं, किंवा भूक लागली, तरी ते तसाच आवाज काढतं. तो आवाज हळूहळू खाण्याशी जोडला जातो आणि खाऊ घालणारीशीही. त्यातूनच ‘मम्मं’ आणि त्यातूनच ‘ममा’. म्हणजे त्या दुपारी ताई आणि आजी भांडत होत्या, पण दोघींचे शब्द एकाच झऱ्याचं पाणी होते!

मग जॉर्जियात ‘मामा’ वडिलांकडे कसा गेला? कारण बाळ फक्त आवाज काढतं. तो कुणाचा, हे ठरवतात ऐकणारी माणसं. छकुली ‘मामामामा’ म्हणाली तेव्हा तिच्या मनात ना मी होतो, ना ताई. ती जबड्याशी खेळत होती. पण आम्ही तिघं आनंदानं उड्या मारायला लागलो. मी तिला उचलून घेतलं आणि दहा वेळा म्हणालो, ‘‘हो गं, मामा! हा बघ मामा!’’ पुढचे कितीतरी दिवस हेच. तिबिलिसीतल्या घरात तिथले बाबा हेच करतात. नैरोबीतल्या घरात आई हेच करते. आवाज बाळ देतं आणि त्यात अर्थ घर भरतं. एका घराचं ठरलं, शेजारच्या घराचं ठरलं, गावाचं ठरलं, की झाला त्या भाषेतला शब्द. प्रत्येक भाषेनं हे आपापलं ठरवलं, म्हणून आवाज एक आणि अर्थ अनेक.

आणि हे बडबडीतले शब्द पुढे किती मोठे होतात! मराठीत आपण मोठ्या माणसांना आदरानं काय म्हणतो? आबा, बाबा, दादा, नाना, तात्या, काका, बापू. रामचंद्र पांडुरंग झाले तात्या टोपे. बाळाजी बाजीराव झाले नानासाहेब पेशवे. भीमराव आंबेडकर झाले बाबासाहेब. गोधडीवरचे आवाज थेट इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसले.

सावधान! सगळेच सारखे शब्द नातलग नसतात

आवाज सारखा असला, की गोष्ट दर वेळी हीच असते असं मात्र समजू नका. कधी कधी निव्वळ योगायोग असतो.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या डोंगरांत हजारो वर्षांपासून बटाटा पिकतो. तिथल्या केचुआ भाषेत बटाट्याला म्हणतात ‘पापा’. स्पॅनिश लोक तिथे गेले आणि त्यांनीही तोच शब्द उचलला. त्यामुळे दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये पहिल्या ‘पा’वर जोर दिला तर बटाटा आणि शेवटच्या ‘पा’वर जोर दिला तर वडील. हा बटाटा काही बाळाच्या बडबडीतून आलेला नाही! आपला ‘बटाटा’ हा शब्द आला तो पोर्तुगीजांकडून. त्यांचा ‘बताता’ आपण बटाटा केला.

न्यूझीलंडमध्ये ‘काका’ म्हणजे एक पोपट. माओरी लोकांनी त्याला हे नाव दिलं. तिथे रात्री हिंडणारा, उडता न येणारा एक गुबगुबीत पोपट आहे, त्याचं नाव ‘काकापो’. ‘पो’ म्हणजे रात्र. रात्रीचा काका! आणि स्पॅनिश किंवा तुर्की लहान मुलांसमोर आपल्या काकांना हाक मारलीत तर ती खुदुखुदू हसतील. त्यांच्या भाषेत लहान मुलं ज्याला काका म्हणतात, त्याला आपण ‘शी’ म्हणतो.

एकाच अक्षराचा शब्द घ्या, ‘ने’. आपण म्हणतो, ‘‘हा डबा घरी ने.’’ ग्रीसमध्ये ‘ने’ म्हणजे हो. कोरियातही ‘ने’ म्हणजे हो. आणि ग्रीसच्या शेजारच्याच बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाही! एकच सीमा. तिच्या एका बाजूला ‘ने’ म्हटलं तर तुमच्या ताटात आणखी एक पोळी पडेल आणि दुसऱ्या बाजूला ताट उचललं जाईल.

चिनी भाषेत तर सूर बदलला तरी शब्द बदलतो. ‘मा’ हा आवाज उंच आणि सरळ ठेवला तर आई. खालून वर नेला तर ताग-अंबाडीसारखी एक वनस्पती. खाली नेऊन पुन्हा वर आणला तर घोडा. आणि वरून झपकन खाली आणला तर रागावणं. म्हणजे सूर चुकला तर आईचा घोडा व्हायचा!

आणि आपली आई?

आता तुमच्यातला कुणीतरी हुशार दोस्त विचारेल, ‘‘सगळं खरं, पण मराठीत आपण आईला ‘आई’ म्हणतो. त्यात ‘म’ कुठे आहे?’’

खरंच की! ‘आई’ म्हणून बघा. ओठ मिटत नाहीत. जीभ कुठे टेकत नाही. आ आणि ई, नुसते दोन स्वर. आता पुन्हा नाक दाबा. मामाचा बाबा झाला, नानाचा दादा झाला, पण ‘आई’ म्हणा. आईची आईच राहते! तोंड उघडायचं, की झालं. म्हणूनच ठेच लागली, चटका बसला, की विचार करायच्या आधीच ‘‘आई गं!’’ बाहेर पडतं.

आणि ‘म’ काही आपण हरवलेला नाही. विदर्भातल्या खेड्यांत आईला आजही ‘माय’ म्हणतात. शिवाय हे शब्द ओळीनं लिहून बघा: माय, मावशी, मामा, माहेर. सगळे आईकडचे! ‘मावशी’ हा शब्द संस्कृतातल्या ‘मातृष्वसा’पासून आला, म्हणजे आईची बहीण. ‘माहेर’ आलं ‘मातृगृह’पासून, म्हणजे आईचं घर. मराठीनं ‘म’ एकट्या आईला न देता तिच्या सगळ्या माणसांत वाटून टाकला.

हे लक्षात आल्यावर मी ताईशी भांडणं सोडून दिलं. मला छकुली मामा म्हणते ती मी तिच्या आईचा भाऊ आहे म्हणूनच ना!

छकुली आता सव्वा वर्षाची झाली आहे. परवा रविवारी मी ताईकडे गेलो. दाराशी चपला काढत होतो. ती भिंतीला धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, बोट केलं आणि म्हणाली, ‘‘मामा.’’

दोनच ‘मा’. सात महिन्यांची असताना सहा-सात असायचे. या वेळी दोन म्हणून ती थांबली आणि मी ‘ओ’ देतोय का, याची वाट बघत राहिली.

मी ‘ओ’ दिली.

तुमची पाळी

आज रात्री जेवताना घरच्यांना विचारा, तुम्ही बोललेला पहिला शब्द कुठला होता आणि तो आपल्यालाच उद्देशून होता असं कोण कोण म्हणालं. आजीचं म्हणणं वेगळं असेल, बाबांचं वेगळं. भांडण झालं तर होऊ द्या. मग वहीत चार रकाने आखा: मामा, बाबा, दादा, काका. तुमच्या वर्गात, इमारतीत, गल्लीत कन्नड, गुजराती, बंगाली, तेलुगू, कोकणी, उर्दू बोलणारे जे जे दोस्त असतील, त्यांना विचारा: तुमच्या घरी या हाकेला कोण ‘ओ’ देतं?